हद्द कायम

आमच्या भागात कर्करोग हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली करतो आणि ‘माणूस चांगला होता हो’ म्हणून मोकळा होतो. माणूस त्या वेळी लालबागला पुतण्याकडे बसून वडापाव खात असतो. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढे दोराबजी टाटांच्या ट्रस्टने परळला रुग्णालय बांधलं आणि 28 फेब्रुवारी 1941 ला ते सुरू झालं. तेव्हापासून कोकणातल्या माणसाने कुठल्याही रुग्णालयात नाव घातलं तरी गाव त्याला टाटालाच नेतं. मी टाटाला गेलो नाही. जिथे गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या बाकड्यांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. पण आमच्या सव गावात माझी नोंद ‘टाटाला’ अशीच पडली. एकदा पडलेली नोंद बदलणं किती अवघड असतं, हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक नसेल. मी 34 वर्षं भूमी अभिलेखात भूकरमापक होतो.

भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीवाला. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली भातखाचरं, वरकस, खाजणं, भावाभावांत बांधावरून फुटलेली डोकी, डोकी सोडून सगळं मी मोजलं. आधी शंकू आणि साखळी, मग फलकयंत्र, शेवटी शेवटी ते तिवईवर बसणारं ईटीएस. मोजायचं, खुणा दाखवायच्या, ‘हद्द कायम’ म्हणून कागद करायचा, दोन्ही पक्षांच्या शिव्या खायच्या आणि त्यांच्यापैकीच एकाचा चहा पिऊन परतायचं. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं.

गाठ डॉक्टर सेंटिमीटरमध्ये मोजतात, गाव फळांत मोजतं. चैत्रात ती करवंदाएवढी होती. पावसाच्या तोंडाला सुपारी झाली. गणपतीत मुंबईचे पाहुणे आले तेव्हा त्यांनी ती एकमताने आवळा ठरवली. पुढचं फळ कुठलं यावर चर्चा सुरू झाली तसा मी मुंबई गाठली.

गाठीचा तुकडा काढला, तो तपासला आणि लिम्फोमा निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘काका, हे तातडीचं आहे.’ मी सवयीने विचारलं, ‘तातडीचं की अतितातडीचं?’ आमच्याकडे दोन्हींची फी वेगळी असायची. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘केमो द्यावी लागेल. सहा वेळा, दर 21 दिवसांनी. त्याआधी फक्त थोड्या तपासण्या.’ या ‘थोड्या’वर मी विश्वास ठेवला. ‘थोडं थांबा, तुमची मोजणी लावतो’ हे वाक्य मी स्वतः 34 वर्षं लोकांना ऐकवलं होतं, तरी ठेवला.

पहिलं काम म्हणजे ब्लॉक आणणं. गाठीचा तुकडा मेणात घालून त्याची वडी करतात, तिला ब्लॉक म्हणतात. तिच्यातून पातळ काप काढून काचेवर लावले की स्लाइड होते. तुकडा तपासला एका ठिकाणी, उपचार दुसऱ्या ठिकाणी, त्यामुळे ‘ब्लॉक घेऊन या, आम्ही पुन्हा बघू’ असं झालं. थोडक्यात फेरमोजणी. आता महाडच्या माणसाला कागद कसा सांभाळायचा ते शिकवावं लागत नाही. जुलै 2021 च्या पुरात सावित्रीने शहरातल्या घरांत शिरून लोकांचे दाखले, सातबारे, लग्नाचे अल्बम सगळं एकाच रंगाचं करून टाकलं. तेव्हापासून महत्त्वाची चीज तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर जाते. बायकोने ब्लॉकही तीन पिशव्यांत गुंडाळला आणि वर पोह्यांच्या डब्यात ठेवला. एसटीत कंडक्टरने विचारलं, ‘डब्यात काय?’ मी म्हटलं, ‘मीच आहे थोडा.’ त्याने बायकोला अर्धं तिकीट फाडलं, मला पूर्ण, आणि डब्यातल्या मला फुकट नेलं.

फेरमोजणीत कळलं की गाठ ‘सीडी 20 पॉझिटिव्ह’ आहे. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. कोरोनाच्या दोन वर्षांत पॉझिटिव्ह म्हणजे काय ते तिने चांगलं पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘नाही हो काकू, हे पॉझिटिव्ह चांगलं. म्हणजे औषध बरोबर जागी जाऊन बसेल.’ आठवडाभर येणारा-जाणारा मला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून सांगत होता. आता निदान सांगता येत होतं की कागदोपत्री आहे.

रुग्णालयातलं जग बाकड्यांवर चालतं. ते बाकडं लोखंडी, भोकाभोकांचं, आणि बसणारा माणूस फार वेळ बसू नये अशा हिशेबाने केलेलं. बसावं मात्र फार वेळ लागतं. सकाळी नऊची वेळ म्हणजे साडेअकरा, हे दोन दिवसांत कळलं. माझ्या शेजारी जळगावकडचे एक शेतकरी होते. मी काय काम करायचो हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमच्या मोजणीला दीड वर्ष लागलं होतं.’ आवाजात राग नव्हता. पण त्यांचा नंबर आला तेव्हा माझ्याकडे बघून ज्या समाधानाने ते उठले, ते समाधान मी ओळखलं.

उपचारांच्या सरकारी योजनेचा कागद करायला आरोग्यमित्रांकडे गेलो. हे गरिबाच्या आणि पेन्शनरच्या फार कामाचं खातं. 2 जुलै 2012 ला योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हाच आमचा रायगड त्यात होता. तेव्हा तिला राजीव गांधींचं नाव होतं, आता महात्मा फुल्यांचं आहे. आरोग्यमित्र पोरगा हुशार होता. त्याने आधार आणि रेशन कार्ड शेजारी ठेवलं आणि म्हणाला, ‘काका, वडिलांच्या नावात एकात ऱ्हस्व आहे, एकात दीर्घ.’ मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर लोकांच्या वडिलांचे मी ऱ्हस्वाचे दीर्घ केले होते. गणपतचा गणु आणि गणुचा गणू करून तीन पिढ्यांना तहसीलच्या पायऱ्या चढायला लावल्या होत्या. त्यातलाच एक उकार फिरत फिरत माझ्यापर्यंत आला होता.

मग तपासण्यांची रांग. रक्ताच्या आठ नळ्या काढल्या. त्यातली काविळीची तपासणी या औषधांआधी चुकवायची नसते, कारण शरीरात दबून बसलेली ब कावीळ उपचारात डोकं वर काढू शकते. जुना दावा पुन्हा उभा राहावा तसं. दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. केमोत तोंडातला लहानसा जंतूही मोठा होतो, म्हणून किडकं-हलकं आधीच काढून टाकतात. माझी एक दाढ अकरा वर्षं हलत होती आणि आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. ती गेली. हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यात हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते मोजतात, कारण केमोतलं एक लाल औषध हृदयाला जड जातं. रिपोर्टवर 60 टक्के होतं. बायको म्हणाली, ‘साठच?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘साठ म्हणजे उत्तम.’ मॅट्रिकला मला 52 होते. घराण्यात पहिला फर्स्ट क्लास हृदयाने काढला.

एका फॉर्मवर प्रश्न होता, उपचारानंतर अपत्य हवं आहे का? औषधांनी ती शक्यता जाऊ शकते म्हणून तरुण रुग्णांसाठी तो विचारतात, आणि योग्यच आहे. पण कागद वयाकडे बघत नाही. मी पेन उघडून विचार करत होतो, तेवढ्यात बायकोने परस्पर ‘नाही’ सांगून टाकलं. 36 वर्षांच्या संसारात इतक्या ठामपणे ती पहिल्यांदाच बोलली असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल.

आता पेट स्कॅन. खरी मोजणी ती. तिचं तत्त्व मला समजलं तेव्हा मी मनातल्या मनात ती शोधणाऱ्या माणसांना रामराम केला. कर्करोगाच्या पेशींना साखरेची हाव असते. ऑटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वीच पाहून ठेवलं होतं. मग करायचं काय, तर साखरेला किरणोत्सारी फ्लोरिनचा एक कण जोडायचा आणि ती शिरेतून सोडायची. जिथे साखर जास्त जाईल तिथे यंत्राला दिवा दिसतो. आपल्याकडे मुंग्यांचं वारूळ शोधायचं तर गुळाचा खडा ठेवतात, तसंच. लग्नाच्या पंगतीतही जिलबीचं ताट फिरवलं की घरातले मधुमेही कोण ते बसल्या जागी कळतं.

सकाळपासून उपाशी ठेवलं. सुई टोचली. सिस्टर म्हणाली, ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल.’ मी विचारलं, ‘कुठली?’ आमच्याकडे काळी मुंगी आहे, आंब्यावरची लाल मुंगी आहे, मुंगळा आहे, डोंगळा आहे, आणि प्रत्येकीचं वाटणं वेगळं असतं. शिवाय महाडच्या माणसाशी दंशाबद्दल बोलताना जपून बोलावं. विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचं साधं औषध चालतं हे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आमच्या बिरवाडी-महाडकडच्या रुग्णांवर काम करताना दाखवलं, पार ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणलं, आणि 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आमचं ज्ञान त्या दर्जाचं आहे. सिस्टरने हे सगळं ऐकून घेतलं आणि बोलता बोलता सुई कधी आत गेली ते कळलंच नाही. कोकणी माणसाला भूल द्यायची ही पद्धत पुस्तकात नाही.

पण पुढचा हुकूम कठीण होता. ‘काका, आता तासभर झोपून राहायचं. हलायचं नाही. बोलायचं नाही. मोबाईल नाही.’ कारण जो स्नायू वापराल तो साखर ओढतो. बोललात तर घशातला भाग उजळतो आणि डॉक्टर विनाकारण काळजीत पडतात. सव गावचा माणूस, पोट रिकामं, समोर भिंत, आणि तासभर तोंड बंद. भिंतीवर गळतीचा एक डाग होता, पोलादपूर तालुक्याच्या नकाशासारखा. मी मनातल्या मनात त्याचे पोटहिस्से पाडले. शेजारच्या पडद्याआडून कोणी खोकलं. मला विचारावंसं वाटलं, कुठले तुम्ही? नाही विचारलं. पण रिपोर्टात घशाशी किंचित उजेड आला असेल तर तो त्या न विचारलेल्या प्रश्नाचा.

मग नळीत घातलं आणि कॉन्ट्रास्टचं औषध सोडलं. आधी सांगून ठेवलं होतं, ‘अंगात गरम गरम वाटेल. लघवी झाली असं वाटेल, पण झालेली नसते. घाबरू नका.’ मी घाबरलो नाहीच. डोळे मिटले तर घशापासून पोटात, पोटातून मांड्यांत ऊन ऊन पाणी उतरत गेलं आणि मी थेट सवच्या कुंडात होतो.

याला कारण आहे. सव म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव, महाडजवळ सावित्रीच्या काठी. कोकणात अशी झऱ्यांची एक रांगच आहे. वर वज्रेश्वरी, आमच्या जिल्ह्यात पालीजवळचं उन्हेरे, खाली दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. पूर्वजांनी नावं ठेवताना फार डोकं चालवलं नाही, हात घालून पाहिला आणि ऊन आहे म्हणून लिहून टाकलं. आम्ही पोरं थंडीत शाळा बुडवून कुंडाशी पडून असायचो. खरूज, गुडघे, पाठ, सगळ्यांवर तेच औषध. मुंबईत एका पांढऱ्या नळीत, अंगावर निळा झगा आणि पोटात भूक घेऊन, साठी उलटल्यावर पुन्हा तसं पडून राहायला मिळालं. दोन मिनिटांचं सुख. मशीनने इंग्रजीत श्वास रोखायला सांगितला आणि ते संपलं.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, ‘आज लहान मुलांजवळ आणि गरोदर बायकांजवळ जाऊ नका.’ अंगातला फ्लोरिन तासा-दोन तासांनी अर्धा होत जातो, म्हणजे 110 मिनिटांनी निम्मा, पुढच्या 110 मिनिटांनी त्याच्याही निम्मा. वडिलोपार्जित जमिनीसारखं. पुतण्याच्या घरात दोन वर्षांची नात आहे, मग जायचं कुठे? मी आणि बायको संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर बसून राहिलो. समोरून एखादी पोटुशी बाई आली की बायको तिला लांबूनच हात करून दुसऱ्या वाटेने जायला सांगायची. कारण सांगायची नाही. त्या बागेत आमच्याबद्दल आता काय नोंद असेल देव जाणे.

रिपोर्ट आला. मान आणि डावी काख, दोन ठिकाणी दिवे. मेंदूही उजळला होता, पण तो सगळ्यांचाच उजळतो म्हणे, कारण तो कायम साखर खातो. ‘सगळ्यांचाच?’ बायकोने खात्री करून घेतली. मग डॉक्टरांनी पायरी समजावली. लिम्फोमाच्या पायऱ्या 1971 साली अमेरिकेत अॅन आर्बर नावाच्या गावी ठरल्या. गाठी छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला असतील आणि दोन किंवा जास्त जागी असतील तर दुसरी पायरी. पडदा ओलांडून दोन्हीकडे झाल्या तर तिसरी. मी म्हटलं, ‘म्हणजे अतिक्रमण बांधाच्या अलीकडेच आहे.’ डॉक्टर म्हणाले, ‘अगदी बरोबर.’ इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी माझ्या मोजणीवर हरकत घेतली नाही.

तरी हाडातला मगज बघायचा होता. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून तो काढतात. पालथं झोपवलं, जागा बधिर केली, आणि एक तरुण डॉक्टरीण कामाला लागली. बाई अंगाने पाप्याचं पितर, पण खांद्यात बोअरवाल्याचं बळ. दाबते, फिरवते, थांबते, परत फिरवते. मला जुन्या सवयीने विचारावंसं वाटलं, ‘किती फुटांवर लागेल?’ ती म्हणाली, ‘हाड फार कडक आहे हो काकांचं.’ दाराबाहेरून बायको म्हणाली, ‘नाचणीचं आहे.’ शेवटच्या क्षणी मगज ओढताना जी कळ पायापर्यंत गेली तिच्याबद्दल मी विनोद करू शकत नाही. तीन सेकंदांची असते. मोजलेली आहे. मगज साफ निघाला.

आणि मग तो दिवस आला ज्यासाठी बहुतेक मी हे सगळं लिहायला घेतलं. सिस्टरने उंची घेतली, वजन घेतलं, कॅल्क्युलेटरवर काही केलं आणि फाईलवर आकडा लिहिला, 1.63. मी विचारलं, ‘हे काय?’ ती म्हणाली, ‘तुमचं क्षेत्रफळ.’

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. केमोची बरीच औषधं माणसाच्या वजनावर नाही, अंगाच्या पृष्ठभागावर मोजून देतात. इतक्या चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम. गुंठ्याला किती युरिया, तसंच. ड्यू बॉय आडनावाच्या दोन अमेरिकन संशोधकांनी थोड्याच माणसांच्या अंगावर कागदी साचे चिकटवून, ते काढून, पसरून, त्यांचं क्षेत्र काढलं आणि 1916 मध्ये सूत्र मांडलं. पुढे 1987 ला मोस्टेलर यांनी ते सोपं केलं. उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले वजन किलोत, भागिले 3600, आणि वर्गमूळ. माझी उंची 165, वजन 58. मी कागद मागून घेतला आणि तिथेच ताळा केला. 9570, भागिले 3600, 2.658, वर्गमूळ 1.63. बरोबर होतं. सिस्टर म्हणाली, ‘आजपर्यंत कोणी तपासलं नव्हतं.’

बाहेर बाकड्यावर बसून मी हिशेब पुढे नेला. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. म्हणजे माझी कातडी सोलून शेजारी शेजारी अंथरली तर एका गुंठ्यात माझ्यासारखे 62 बसतील. 34 वर्षं मी लोकांच्या अर्ध्या अर्ध्या गुंठ्यासाठी उन्हात उभा राहिलो. अर्ध्या गुंठ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत, तेही पाहिलं. आणि माझं स्वतःचं बिनवादाचं क्षेत्र किती, तर हेक्टर शून्य, आर शून्य, चौरस मीटर 1.63. त्यावरही अतिक्रमण. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘पोटखराबा धरला का?’ चौतीस वर्षं सातबारे घरी पसरून बसल्याचा हा परिणाम.

औषधांची नावं मी मुद्दाम समजून घेतली. मिश्रणाला आर-चॉप म्हणतात. नाव ऐकून वाटलं मटणाचा प्रकार असेल. पण यातल्या एकेकाची वंशावळ बघाल तर थक्क व्हाल. एक औषध युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूच्या घराण्यातलं. लाल औषध मातीतलं. इटलीत कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे, त्याच्या परिसरातल्या मातीत 1950 च्या दशकात एक जंतू सापडला आणि त्याच्यापासून हे आलं. आयुष्यभर मातीत फिरलेल्या आणि रायगडाच्या पायथ्याच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला औषध मिळावं ते किल्ल्याजवळच्या मातीचं, ही योजना मला आवडली. तो किल्ला रायगडापेक्षा ठेंगणा आहे, हे नातवाकडून फोनवर बघून घेतलं.

तिसरं औषध सदाफुलीचं. खरंच, दारातली सदाफुली. तिच्या पानांतून ते निघतं, पण एका ग्रॅमला शेकडो किलो पानं लागतात. आमच्या वाडीतल्या एक वहिनी मला आधीपासून सांगत होत्या, ‘भावोजी, सदाफुलीचा रस घ्या.’ मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘झाड बरोबर आहे, रस चुकीचा आहे. विषारी असतं ते, मुळीच घेऊ नका.’ वहिनींना मी यातला फक्त पहिला भाग सांगितला, चूक झाली. दुसरा सांगायला धावत परत जावं लागलं. बायको आता रोज तुळशीच्या आधी सदाफुलीला पाणी घालते.

आणि ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब, त्या सीडी 20 वर जाऊन बसणारं. त्याचा काही अंश उंदराकडून घेतलेला आहे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या कणगीतलं भात उंदरांनी तीन पिढ्या खाल्लं. पहिल्यांदाच काही परत मिळतंय.

राहता राहिली नळी. सहा वेळा हातात सुया खुपसण्यापेक्षा दंडातून एक बारीक नळी शिरेत घालतात आणि हृदयाजवळ नेऊन ठेवतात. तिचं नाव पिक लाईन. त्याआधी संमतीपत्र आलं, चार पानी. मी वाचायला घेतलं. सिस्टर म्हणाली, ‘काका, वाचत नाहीत ते. सही करायची असते.’ नेमकं हेच, याच सुरात, मी किती शेतकऱ्यांना म्हटलं असेल. मी चारही पानं वाचली. दोन साक्षीदार लागत होते, एक बायको आणि दुसरे जळगावचे ते शेतकरी, जे योगायोगाने तिथेच होते. त्यांनी सही करण्यापूर्वी माझ्याकडे बघून विचारलं, ‘हद्दी बघून घेतल्या ना?’

नळी किती लांब कापायची हे ठरवायला सिस्टरने टेप लावली, दंडापासून छातीपर्यंत. ‘41,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘ताई, टेपला झोळ आहे.’ तिने ताणून पुन्हा लावली. साडेचाळीस भरली. मी काही बोललो नाही. या सगळ्या प्रकरणात माझ्या वाट्याला आलेला तो एकमेव विजय आणि तो मी मिरवणार आहे.

सूचना मिळाल्या. दर आठवड्याला ड्रेसिंग. हात भिजवायचा नाही. ताप 100 च्या वर गेला तर घरचा काढा नाही, सरळ रुग्णालय. आणि नदी, तळं, विहीर, कुंड, कशातही उतरायचं नाही. मी विचारलं, ‘कुंडसुद्धा?’ तिने कागदावर बोट ठेवलं. ‘कुंड’ हा शब्द छापलेला नव्हता, तो तिने माझा पत्ता वाचून हाताने लिहिला होता.

गावी परतलो तर अंगणात सल्लागार बसलेलेच. गोमूत्र, गव्हांकुर, पपईची पानं, आणि ‘एकवीस दिवस कुंडात बस, सगळी गाठ विरघळेल’. खालच्या मोहल्ल्यातले चाचा तेवढे खजूर घेऊन आले, म्हणाले ‘खा’, आणि फणसाच्या भावावर बोलून गेले. बाकीच्यांनी तो धडा घ्यावा अशी विनंती आहे. भेटायला जरूर या. खाऊ आणा, भांडण आणा, गावची खबर आणा. औषध ठरलेलं आहे आणि ते कुठून आलं ते मला माहीत आहे.

डॉक्टरांना मी फोन करून पुन्हा विचारलं होतं, ‘निदान पाय?’ ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘पायाला जखम नाही ना? मग पहिल्या सलाईनआधी एकदा, घोट्यापर्यंत. हात वर.’ म्हणून काल संध्याकाळी गेलो. उजव्या हाताला तीन पिशव्या गुंडाळलेल्या, हात न्यायालयात शपथ घेतल्यासारखा वर. पाणी आहे तसंच ऊन होतं. दोन पोरं शाळा बुडवून आली होती, ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. शेवटी एकाने विचारलं, ‘आजोबा, कोणाला थांबवताय?’

सोमवारी पहिली सलाईन आहे. सकाळी नऊला बोलावलंय, म्हणजे साडेअकरा.